मुलांना वेठीला कोण धरतं?

अंगणवाडी सेविका-मदतनिसांचा संप सुरू झाला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक वाक्य हमखास कानावर येतं. "मागण्या रास्त असतील, पण मुलांना वेठीला धरू नका." मंत्री हे बोलतात, अग्रलेख हे बोलतात, प्रकल्प कार्यालयाच्या नोटिशीतही वेगळ्या शब्दांत हेच असतं. आशांचा संप असेल तर मुलांच्या जागी गरोदर माता येतात, परिचारिकांचा असेल तर रुग्ण येतात. सत्तेची ती भाषाच आहे, तिचं नवल वाटायला नको. पण अलीकडे हे वाक्य मी आपल्या बैठकांमध्येही ऐकते आहे. कुपोषणावर काम करणाऱ्या मैत्रिणी आणि कामगार बायकांच्या संघटना बांधणाऱ्या मैत्रिणी एकमेकींकडे जरा संशयानेच बघतात. जणू मुलाचा घास आणि बाईची मजुरी एकाच ताटातून काढायची आहे. एकीला वाढलं की दुसऱ्याला कमी पडणार.

हे वाक्य खोटं आहे, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. ते खोटं का आहे हे सांगण्याची जबाबदारी कामगार संघटनांवर टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही. कारण त्या वाक्यामागे जो विचार आहे, त्याच्याशी स्त्री-चळवळीचं भांडण फार जुनं आहे. मूल सांभाळणं म्हणजे काम नव्हे, ती बाईची माया. आणि मायेचे पैसे मागणारी बाई स्वार्थी, हाच तो विचार.

मान किती, धन किती

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. सहा सेवा ठरल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, माता-किशोरींना आरोग्य-आहाराचं शिक्षण आणि लहान मुलांचं शाळेआधीचं शिक्षण. या सहा सेवा देणाऱ्या बाईला काय म्हणायचं, हेही तेव्हाच ठरलं. ती 'मानसेवी'. तिला पगार नाही, मानधन. मॅट्रिक झालेली असेल तर महिना १५० रुपये, नसेल तर १००. आणि मदतनिसीला ३५ रुपये. म्हणजे रोजचा रुपया आणि वर थोडी चिल्लर.

पुढच्या पन्नास वर्षांत हे आकडे वाढले, पण एकही वाढ आपसूक झाली नाही. प्रत्येक वाढीमागे मोर्चा आहे, आझाद मैदान आहे, जेल भरो आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८मध्ये सेविकेचं मानधन ३,००० वरून ४,५०० आणि मदतनिसीचं १,५०० वरून २,२५० केलं. त्यात राज्यं आपली भर घालतात. महाराष्ट्रात २०२३ साली सेविकेचे १०,००० आणि मदतनिसीचे ५,५०० झाले. त्याच वर्षी ४ डिसेंबरला पुकारलेला संप पन्नासहून अधिक दिवस चालला. ऑक्टोबर २०२४पासून हे आकडे १३,००० आणि ७,५०० झाले. यातला प्रत्येक रुपया 'मान' म्हणून दिलेला आहे, 'हक्क' म्हणून नाही. मानाचं असं असतं की तो देणाऱ्याच्या मर्जीवर असतो. महागाईबरोबर तो वाढत नाही, म्हातारपणी साथ देत नाही, आणि तीन-तीन महिने थकला तरी थकबाकी म्हणून त्याच्यावर व्याज चढत नाही.

आशांचं तर त्याहून पुढचं. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हा मानधनही नको, कामागणिक मोबदला द्यावा, असं ठरलं. आपल्याकडे तिचं अधिकृत नावच 'आशा स्वयंसेविका'. नवजात बाळाच्या घरी तिने जायचं असतं. बाळंतपण दवाखान्यात झालेलं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालेलं असेल तर पहिल्या दिवशीही. बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, श्वास मोजायचे, ते नीट ओढतंय का बघायचं, आईच्या अंगावर जातंय का विचारायचं, बाळ थंड पडलं असेल तर गुंडाळून घ्यायचं, आणि धोक्याचं एखादं चिन्ह दिसलं तर घरातल्या पुरुषांशी, सासूशी, देवऋष्याशी हुज्जत घालून त्याला दवाखान्यात न्यायचं. या सगळ्या भेटी मिळून २५० रुपये. सहा भेटींचा हिशेब केला तर भेटीमागे बेचाळीस रुपयेही पडत नाहीत.

हे काम किती मोलाचं आहे याचा पुरावा आपल्याच राज्यात तयार झाला. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला, आणि पुढे देशभरच्या आशांना हेच काम दिलं गेलं. गावची बाई बाळाचा जीव वाचवू शकते, हे शासनाने मान्य केलं. मग जीव वाचवणाऱ्या माणसाला पगार द्यावा लागतो, एवढंच नेमकं मान्य करायचं राहून गेलं. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक सन्मान केला. टाळ्या वाजल्या, अभिनंदनाची पत्रकं निघाली. मान आला, धनाचं काय, हा प्रश्न तिथेच राहिला.

कधी मानसेवी, कधी अत्यावश्यक

मैत्रिणींनो, मार्च २०१८ हा महिना आपण विसरता कामा नये. ८ मार्चला, म्हणजे आपल्या दिवशी, पंतप्रधानांनी राजस्थानात झुनझुनूला पोषण अभियान सुरू केलं. कुपोषण हटवायचं, आणि ते अंगणवाडीतून हटवायचं. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने अंगणवाडी कर्मचाऱ्यांना 'मेस्मा' लावला. अत्यावश्यक सेवेतल्या माणसाला संप करण्यापासून रोखणारा हा कायदा. २०१७च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या बायकांनी जो सव्वीस दिवसांचा संप केला होता, त्याचं ते उत्तर होतं. विधिमंडळात गदारोळ झाला आणि निर्णय स्थगित करावा लागला. पण सरकारच्या मनात काय आहे ते कळून चुकलं.

यातली चलाखी बघा. पगार मागायला गेलं की बाई मानसेवी: दिवसाचे चार तास समाजसेवा करणारी, सरकारी नोकर नसलेली. २००६ साली अमीरबी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हेच धरलं, की अंगणवाडी सेविका नागरी पदावर नाही. पण तिने काम थांबवलं की तीच बाई अत्यावश्यक होते. तिच्यावाचून राज्यातली मुलं उपाशी मरतील, असं सरकारच सांगू लागतं. पैसे देताना जिचं काम दिसत नाही, ते संप मोडताना एवढं ठळक कसं दिसतं? दोन्हीपैकी एक काहीतरी खरं असलं पाहिजे. ती समाजसेविका असेल तर समाजसेविकेला घरी बसण्याचा अधिकार आहे. ती अत्यावश्यक असेल तर अत्यावश्यक माणसाला वेतनश्रेणी, रजा, ग्रॅच्युइटी, पेन्शन दिली पाहिजे.

२०२२च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा पेच बराचसा सोडवला. गुजरातमधल्या मणिबेन भारिया यांच्या खटल्यात न्यायालयाने म्हटलं की अंगणवाडी ही आस्थापना आहे, मानधन हे वेतनच आहे, आणि सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंगणवाडीवर कायदेशीर जबाबदाऱ्या टाकल्या आहेत, तेव्हा हे काम आता ऐच्छिक राहिलेलं नाही, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा. त्याच २०१३ साली सरकार, मालक आणि कामगार संघटना एकत्र बसतात त्या भारतीय श्रम परिषदेने शिफारस केली होती की योजनांवर काम करणाऱ्या बायकांना कामगार माना, किमान वेतन द्या, सामाजिक सुरक्षा द्या. शिफारस आहे, निकाल आहे; तरी निवृत्त झालेल्या मदतनिसीला आपल्या हक्काच्या रकमेसाठी जिल्हा परिषदेच्या जिन्यावर बसावं लागतं. एक जण मला म्हणाली, "ताई, आम्ही पोरांचं वजन महिन्याच्या महिन्याला करतो, आमचं कधीच कुणी केलं नाही."

आंगणातलं काम

हे असं का होतं, याचं उत्तर अर्थखात्याकडे नाही, ते आपल्या घराघरांत आहे. घरात मूल सांभाळण्याचे पैसे कुणी देत नाही. म्हणून घराबाहेर, गावाची दीडशे मुलं सांभाळण्याचेही द्यायचे नसतात, असा हा हिशेब. वयाने, नात्याने, लग्नाने कुठेच आधार नसलेल्या बायका या कामावर मोठ्या संख्येने आहेत: विधवा आहेत, नवऱ्याने टाकलेल्या आहेत, एकट्याने संसार ओढणाऱ्या आहेत. त्यांना दुसरं काम मिळत नाही हे शासनाला ठाऊक आहे आणि त्यांना मुलांचा लळा लागतो हेही ठाऊक आहे. या दोन गोष्टींच्या जोरावर अख्खी योजना चालते. लळ्याचं शोषण हे शोषणच असतं.

'अंगणवाडी' हा शब्द ताराबाई मोडकांच्या बोर्डीच्या कामातून आला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या आंगणात जावं, असा त्यांचा विचार. पण ताराबाई आणि अनुताई वाघांनी त्या आंगणात उभी राहणारी बाई घडवलेली, शिकलेली शिक्षिका असावी म्हणून उभं आयुष्य घातलं. शासनाने शब्द घेतला आणि त्याचा अर्थ फिरवला. आंगण म्हणजे घरचंच, घरचं म्हणजे फुकटचं.

या फुकटच्या कामातही वरखाली आहेच. सेविकेच्या निम्म्याच्या आसपास मदतनिसीला मिळतं. झाडलोट, पाणी, स्वयंपाक, मुलांना घरून आणणं-पोहोचवणं, शी-शू काढणं हे तिचं. ती दलित किंवा आदिवासी असेल तर तिच्या हातचं नको म्हणून मुलं न पाठवणारी गावं आजही आहेत, आणि अशा वेळी तिच्या पाठीशी उभं राहण्याऐवजी 'वातावरण शांत ठेवा' असा सल्ला दिला जातो. न्याय मागताना मदतनिसीची मागणी यादीच्या शेवटी ठेवणाऱ्या आपल्यातल्या पुढाऱ्यांनाही हे सांगायला हवं.

आणि सुरक्षितता? कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा आपला कायदा ज्या विशाखा निकालातून आला, तो १९९७ सालचा निकाल एका मानधनावरच्या बाईमुळे झाला हे आपण भाषणांत सांगतो. भंवरीदेवी राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' होत्या. एका चिमुरडीचं लग्न थांबवायला गेल्या म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. २०१३च्या कायद्याने मोबदला घेऊन वा न घेता, स्वेच्छेने काम करणारीलाही 'कर्मचारी' मानलं आहे. म्हणजे छळाच्या कायद्यात आशा कर्मचारी ठरते, वेतनाच्या कायद्यात मात्र नाही. रात्री दोन वाजता अडलेल्या बाईबरोबर ग्रामीण रुग्णालयात गेलेली आशा उरलेली रात्र कुठे काढते, हे कुणी विचारलं आहे का? बाकावर, पायऱ्यांवर, औषधांच्या खोक्यांशेजारी.

दोष खाली उतरतो

मुलांच्या आरोग्यसेवेत फायदा वर चढतो आणि दोष खाली उतरतो. भंडाऱ्याची आठवण ठेवा. ९ जानेवारी २०२१ रोजी, मध्यरात्रीनंतर तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. सतरापैकी दहा बाळं गेली, सात वाचवता आली. त्या आयांच्या दुःखापुढे बोलण्यासारखं काही नाही, आणि चौकशी व्हायलाच हवी होती. पण कारवाई कशी झाली ते पाहा. कायम नोकरीतल्यांना निलंबन किंवा बदली. कंत्राटी डॉक्टर आणि कंत्राटी परिचारिकांची मात्र सेवाच समाप्त. पुढे दोन परिचारिकांवर गुन्हाही दाखल झाला. निलंबित माणूस परत येतो, बदली झालेला दुसऱ्या खुर्चीत बसतो. कंत्राटी परिचारिकेला परत यायला दारच नसतं. असल्या कक्षात प्रत्येक पाळीला तीन-चार बाळांमागे एक परिचारिका हवी, असं केंद्राच्याच मार्गदर्शक सूचना सांगतात. जागा न भरणारा, वायरिंग न तपासणारा, आग विझवण्याची व्यवस्था कागदावर ठेवणारा यांच्या सह्या फाइलीत असतात. रात्रपाळीला असते ती बाई. म्हणून सापडते तीच.

अंगणवाडीत आग लागत नाही, तिथे ॲप असतं. मार्च २०२१मध्ये 'पोषण ट्रॅकर' आला. हातात दिलेले फोन तापायचे, बंद पडायचे, ॲपची भाषा कळायची नाही. ऑगस्ट २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी मोर्चे काढून ते फोन सरकारला परत केले. त्याचीही टिंगल झाली: बायकांना फोन वापरता येत नाही म्हणे! फोन वापरता येत होता म्हणूनच तो निकामी आहे हे कळलं. जुलै २०२५पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहऱ्याची ओळख सक्तीची झाली. रेंज नसलेल्या पाड्यावर आईचा चेहरा जुळला नाही तर आहार नाही, आणि त्या आईचे शिव्याशाप खायला दिल्लीतला अधिकारी येत नाही, सेविका असते. त्या एका दुपारी ज्या बाळाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेला आहे, त्याच्या घरी जायला तिला वेळ उरत नाही. मग सांगा, मुलाला वेठीला कुणी धरलं?

"कायम केल्या की काम करणार नाहीत"

हा आक्षेप आपल्यातल्याही पुष्कळजणी खासगीत घेतात, तेव्हा त्याला सरळ उत्तर दिलं पाहिजे. कुलूप लावलेलं उपकेंद्र आणि शहरातून ये-जा करणारा कायम कर्मचारी आपण सर्वांनी पाहिला आहे. हा अनुभव खोटा नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. पोटाला चिमटा बसला की माणूस नीट काम करतो, हा सिद्धांत आपण गिरणीमालकाच्या तोंडून ऐकला असता तर काय म्हटलं असतं? कामाचा हिशेब देखरेखीने घ्यावा, मातांच्या बैठकीत घ्यावा, ग्रामसभेत घ्यावा. भुकेने घेऊ नये. शिवाय गेली पन्नास वर्षं असुरक्षित बायकांवरच ही योजना चालली आहे. त्याचा मुलांना काय फायदा झाला? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुरटलेली आणि ३६ टक्के कमी वजनाची निघाली. स्वस्त बायकांच्या जोरावर कुपोषण हटवण्याचा प्रयोग झाला आहे, आणि तो फसला आहे.

"पैसा कुठून आणायचा?" असंही विचारतात. हा प्रश्न महामार्गाला विचारत नाहीत, सवलतीच्या जमिनीला विचारत नाहीत, वेतन आयोगाला विचारत नाहीत. तो नेमका मुलांच्या ताटापाशी आणि बाईच्या हातापाशी येऊन विचारला जातो.

आता थोडं आपल्या घरातलं. स्त्री-संघटनांच्या, स्वयंसेवी संस्थांच्या आरोग्य प्रकल्पांतही 'कार्यकर्ती' म्हणून गावात फिरणारी बाई असते. तिला प्रकल्पातून मानधन मिळतं, अनुदान संपलं की तीही संपते. प्रॉव्हिडंट फंड मात्र शहरातल्या कार्यालयापुरता. चळवळीची निष्ठा हे तिथे मायेचं दुसरं नाव होऊन बसतं. सरकारला जाब विचारायचा असेल तर आपल्या संस्थांच्या पगारपत्रकांपासून सुरुवात करावी लागेल. कमी पैसे आहेत तर कमी आहेत असं सांगून सगळ्यांनी मिळून वाटून घ्यावेत, पण कामगाराला स्वयंसेविका म्हणू नये.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे. पुढच्या मेळाव्यात बालआरोग्य आणि कामगार हक्क अशी दोन वेगळी सत्रं ठेवू नयेत. एकच ठेवावं आणि त्यात मदतनीस, आशा, गटप्रवर्तक आणि कंत्राटी परिचारिका व्यासपीठावर असाव्यात. आपल्या मागणीपत्रात कुपोषणाच्या कलमाखालीच या मागण्या याव्यात: वेतनश्रेणी, ग्रॅच्युइटीची वेळेवर अंमलबजावणी, पेन्शन, आशांना ठरलेलं मासिक वेतन आणि भरपगारी बाळंतपणाची रजा, रात्री सोबत आलेल्या आशेला रुग्णालयात निवाऱ्याची खोली, नवजात कक्षातल्या सर्व जागा कायम पद्धतीने भरणं, आणि कोणतंही ॲप आणण्यापूर्वी ते वापरणाऱ्या बायकांशी बोलणं. तालुक्याच्या स्थानिक तक्रार यंत्रणेची माहिती प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर लागावी, हे तर आपण उद्याच करू शकतो.

आणि संप होईल. तो होणारच आहे. तेव्हा पत्रक काढायची वाट बघू नका. वस्तीतल्या आयांना आधीच गोळा करा, त्यांच्याशी बोला. अंगणवाडी बंद राहिली तर सगळ्यात जास्त ओढाताण त्यांची होते, त्यांची नाराजी खरी असते, ती 'जाणीव कमी' म्हणून झटकू नका. पण बाळ जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी घरी कोण आलं होतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. संपाच्या चौथ्या दिवशी मंत्री "मुलांना वेठीला धरू नका" म्हणतील, तेव्हा त्याच मुलांच्या आयांनी कडेवर मुलं घेऊन प्रकल्प कार्यालयाच्या दारात बसावं आणि विचारावं: आमच्या मुलांची एवढी काळजी आहे, तर त्यांना सांभाळणारीचा पगार का देत नाही?